डोळे ठीक होते

मुलगी सहा दिवसांची होती. मुलुंडला माहेरी तिला पाजताना तिचं नाक दिसेनासं झालं. मग कपाळ. मग खिडकीच्या जागी नुसता राखाडी उजेड उरला.

डोकं दोन दिवसांपासून ठणकत होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "कान बांध गं, वारं शिरलंय." आईने काही न बोलता बाबांचं बीपीचं मशीन काढलं. १७८/११४.

"पण बाळंतपण तर झालं ना?" बाबा परत परत विचारत होते. झालं होतं. पण गरोदरपणातला हा बीपीचा आजार, प्रीएक्लॅम्प्सिया, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत डोकं वर काढू शकतो. एलबीएस रोडवर रिक्षात मला हॉर्न ऐकू येत होते, गाड्या दिसत नव्हत्या.

डॉक्टरांनी टॉर्च मारला. बाहुल्या आकसल्या. डोळे ठीक होते, बिघाड मेंदूत होता. एकदम चढलेल्या दाबाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि बहुतेकदा मागच्या भागात सूज येते. डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ तिथेच लागतो. १९९६ मध्ये ज्यूडी हिंची आणि सहकाऱ्यांनी या दुखण्याचं वर्णन केलं. आज त्याला 'प्रेस' म्हणतात. त्यातला 'आर' म्हणजे रिव्हर्सिबल, पूर्ववत होणारं. पण वेळेत उपचार मिळाले तर. नाहीतर झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

बीपीच्या औषधांसोबत मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं. अंगात भट्टी पेटल्यासारखं वाटलं. डोस जास्त होत नाही ना हे बघायला नर्स गुडघ्यावर हातोडी मारायची, श्वास मोजायची. २००२ च्या मॅगपाय चाचणीत दहा हजारांहून जास्त बायका होत्या, भारतातल्याही. या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. सोलापुरात डॉ. सुमन सरदेसाई यांनी आपल्याकडच्या बायकांना मानवेल अशी कमी डोसची पद्धत बसवली.

दोन दिवसांनी आधी हालचाल दिसू लागली, मग रंग, मग मुलीचं नाक.

बाळंतिणीला आपण दूध येतंय का विचारतो, डिंकाचे लाडू देतो. मी आता बाळ बघायला जाते तेव्हा आणखी तीन गोष्टी विचारते: डोकं दुखतंय का? डोळ्यांपुढे ठिणग्या येतात का? बीपी कधी मोजलं? वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. काही सासवांना हे आवडत नाही. तरी विचारते.