साबणाला अंदाज चालत नाही

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने वार्षिकांकासाठी साबणावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आपल्या अंकाची वहिवाट अशी की, पावसावर लिहावे, एकटेपणावर लिहावे, फार तर खाणावळीतल्या आमटीवर लिहावे. साबण ही न्हाणीतल्या कोनाड्यात निमूटपणे झिजणारी वस्तू. तिच्याविषयी लिहिण्यासारखे असते तरी काय? परंतु गेली दोन वर्षे आमच्या घरात साबणाची जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाचीदेखील झाली नाही. आणि त्यातही चांगल्या जमलेल्या साबणाविषयी कोणी बोलत नसे. बोलणे व्हायचे ते बिघडलेल्या साबणाविषयी.

आमच्या गल्लीतल्या पाच बायकांनी बचत गटाच्या पैशांतून अंगाचा साबण करायला घेतला. त्या पाचांत माझी आई एक. पातेल्याशी उभे राहण्याचे काम तिच्याकडे आले, कारण आईच्या हाताला अंदाज आहे हे गल्लीत सर्वांना ठाऊक. पन्नास पानांचा स्वयंपाक ती माप न घेता करते. मीठ चिमटीने नव्हे, डोळ्यांनी घालते. साबणाला लागते काय? तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. ज्या बाईचे पुरण कधी सैल झाले नाही, तिला तीन जिनसांचे काय ओझे?

तसे पाहिले तर काम अवघड नाहीच. तेलात स्निग्धाम्ले ग्लिसरीनशी बांधलेली असतात. सोडा ही गाठ सोडवतो. आम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळे होते. हे कोडे उलगडले ते मिशेल यूजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. स्निग्ध पदार्थांवरचा त्याचा ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. हा गृहस्थ १७८६ साली जन्मला आणि १८८९ साली वारला. म्हणजे शंभरी ओलांडून गेला! त्याच्याआधी शेकडो वर्षे लोक साबण करीतच होते, पण राखेचे पाणी आणि चरबी उकळून, निव्वळ अंदाजाने. राखेचे पाणी पुरेसे तीव्र झाले की नाही हे पाहण्यासाठी त्यात अंडे तरंगते का ते बघत. तेव्हा अंदाजाला या धंद्यात मोठी जुनी परंपरा आहे, असे आईच्या बाजूने म्हणता येईल.

आमच्याकडचा पहिला बिघाड साबणाचा नव्हताच, भांड्याचा होता. शेजारच्या मावशींनी मोठ्या हौसेने आपले जर्मनचे पातेले आणले होते. त्यात सोड्याचे पाणी पडताच ते फसफसू लागले आणि भांडे काळे पडले. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेणारा असतो. तेव्हापासून स्टीलचे पातेले आले. पाण्यात थोडाथोडा सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचे नाही, हा नियम मात्र त्या पहिल्या दिवसापासून पाळत होत्या. उलट केले तर ते एकदम उसळून तोंडावर उडते. आईच्या मनगटावर दोन पांढुरके डाग आहेत. ते हातमोजे येण्यापूर्वीच्या आठवड्यातले. सोडा अंगावर उडाला तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नये. भरपूर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ हात धरावा.

पुढचे बिघाड खऱ्या साबणाचे. कधी घोटून घोटून खांदे भरून आले तरी मिश्रण दाटायचे नाही, आणि सकाळी साच्यात पाहावे तर वर तेल, खाली पाणी. कारणे दोन-तीनच. एक तर घोटणे अपुरे, किंवा पाणी फार, किंवा सोडा कमकुवत. सोड्याचा डबा उघडा राहिला की तो हवेतली ओल आणि कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा जोर उतरतो. चमच्यातून पडणाऱ्या धारेची रेघ मिश्रणावर क्षणभर उमटून राहिली पाहिजे, तोवर साच्यात ओतू नये. फुटलेले मिश्रण टाकून द्यायचे कारण नसते. तेच पुन्हा पातेल्यात घेऊन मंद आचेवर ढवळत राहिले की बहुधा जुळून येते.

कधी याच्या नेमके उलट व्हायचे. एकदा सुवासासाठी लवंगेचे तेल घातले, आणि मिश्रण असे घट्ट झाले की रवी त्यात उभी राहिली. लवंग आणि दालचिनी यांची तेले साबणाला घाई करतात. ती अगदी शेवटी, मिश्रण कोमट असताना आणि बेताने घालावीत. दुधाचा साबण करायला गेलो तर तो तांबूस झाला, कारण गरम सोड्याने दुधातली साखर करपते. दूध आधी बर्फासारखे गोठवून घेतले की रंग फिकट राहतो. वड्यांवर पांढरी भुकटी धरली तेव्हा सगळ्या घाबरल्या, पण ते भय व्यर्थ होते. वरचा मोकळा सोडा हवेशी मिळून धुण्याचा सोडा होतो, एवढेच. ओल्या फडक्याने पुसला की गेला. पुढच्या वेळी साचा झाकून ठेवावा. वड्यांवर नारिंगी ठिपके पडले आणि वास बदलला, तर मात्र आतले तेल खवट होत आहे असे समजावे. तळणीचे उरलेले तेल वापरले, किंवा करडई-सूर्यफुलासारखी तेले जास्त झाली, की हे संकट लवकर येते.

कोकणातल्या मामीकडे पाठवलेल्या वड्यांना श्रावणात घाम सुटला. मामीने कळवले, "साबण रडतो आहे." तो रडत नव्हता. घरच्या साबणात ग्लिसरीन तसेच राहते, आणि ग्लिसरीन हवेतली ओल ओढते. आमच्या गल्लीत नेमकी उलटी तक्रार की, फेस येत नाही. तिथे दोष साबणाचा नाही, बोअरच्या पाण्याचा. त्यातल्या चुन्याशी आणि मॅग्नेशियमशी साबणाचा न विरघळणारा साका होतो, आणि तोच बादलीच्या कडेला चिकटून बसतो. एकाच पातेल्यातली वडी एका गावी रडते आणि दुसऱ्या गावी रुसते!

हे सारे बिघाड डोळ्यांना दिसणारे होते. ज्याने गट मोडण्याची वेळ आली, तो बिघाड दिसायला अगदी देखणा होता.

गेल्या वर्षी खोबरेल महागले. पहिली कृती होती किलोला ९०० ग्रॅम खोबरेल आणि १०० ग्रॅम एरंडेल. सोडा पहिल्या वेळी वाण्याच्या तराजूवर तोलून आणला होता. मग तेवढा सोडा कुठवर येतो त्याची आईने एका डब्यावर खूण करून ठेवली. खोबरेल परवडेना तेव्हा त्यातले निम्मे काढून तेवढेच शेंगदाण्याचे तेल घातले. तेलाचे वजन तेच, डबा तोच, खूण तीच. वड्या पांढऱ्याशुभ्र आणि दगडासारख्या झाल्या. मात्र कापताना कडांचा चुरा पडत होता. पंधरा दिवसांत त्या विकल्याही गेल्या.

मग एक बाई आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या गळ्याशी आणि काखेत लाल चट्टे उठले होते. बाई भांडली नाही. वडी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, तुमच्यावर भरवसा म्हणून घेतली होती." त्यापेक्षा ती भांडली असती तर बरे झाले असते. त्या रात्री आई जेवली नाही. कोणी म्हणाले, धंद्याला नजर लागली. कोणी म्हणाले, आता हाताची बरकत गेली. हे दुसरे वाक्य आईला फार लागले.

शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या एका सरांकडे मी ती वडी नेली. सरांनी बोट ओले करून वडीवर घासले आणि जिभेच्या टोकाला लावले. बारीक चटका बसला असावा. तोंड धुऊन आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तेल बदललंत का?"

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. १०० ग्रॅम खोबरेलाचा पुरता साबण व्हायला सुमारे १८.३ ग्रॅम सोडा लागतो, शेंगदाण्याच्या तेलाला १३.६ आणि एरंडेलाला १२.८. थोडे तेल त्वचेसाठी मोकळे राहावे म्हणून सोडा शेकडा ५ ने कमी घालायचा. जुन्या कृतीत १६९ ग्रॅम सोडा बरोबर होता. नव्या तेलांना पुरते जिरवूनही १५६ च लागतो. किलोमागे १३ ग्रॅम सोडा कोणाच्याच वाट्याला न येता वडीत तसाच राहिला होता, आणि तोच त्या मुलीच्या अंगाला लागला होता.

"आईंना सांग," सर म्हणाले, "हात चुकलेला नाही. प्रत्येक तेलाची भूक वेगळी असते, ती हाताला कळत नाही."

विकलेल्या वड्या पाचही जणींनी घरोघर जाऊन परत आणल्या आणि पैसे परत केले. दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. वड्या किसून, थोडे पाणी घालून, उकळत्या पाण्यावर पातेले ठेवून वितळवल्या, आणि मूळ तेलाच्या किलोमागे सुमारे १२० ग्रॅम खोबरेल त्यांत जिरवले. जिभेला चटका बसेनासा झाला तेव्हाच साच्यात ओतले. तो साबण खडबडीत झाला, पण निर्दोष होता. तो विकला नाही. वर्षभर आम्हीच वापरला.

मी मात्र त्यानंतर आईच्या अंदाजाचा पुष्कळ विचार केला. स्वयंपाकात तो का चालतो? कारण तिथे प्रत्येक पावलावर चव घेता येते. आमटी खारट झाली तर पाणी आहे, आंबट झाली तर गूळ आहे. जिथे जागच्या जागी दुरुस्ती होते, तिथे अंदाज शहाणा होत जातो. साबणात चूक होते ती पहिल्या पाच मिनिटांत, तोलताना, आणि कळते ती महिन्याने, तीही दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावर. म्हणून बिघडलेला साबण उलटा वाचावा लागतो. वडीवरून साच्याकडे, साच्यावरून पातेल्याकडे, पातेल्यावरून तराजूकडे. बहुतेक वेळा बोट तराजूवर येऊन थांबते.

तरीही आईचा अंदाज अडगळीत गेलेला नाही. धारेची रेघ कधी उमटली, मिश्रण किती कोमट आहे, वडी कापायला तयार झाली की नाही, हे तराजू सांगत नाही. ते अजून तीच सांगते, आणि तिचे सहसा चुकत नाही. काय तोलायचे आणि काय हाताने ओळखायचे, एवढी वाटणी तिने करून घेतली आहे.

तिची एक दोनशेपानी वही आहे. तीत प्रत्येक घाण्याची तारीख, प्रत्येक तेलाचे वजन, सोड्याचे वजन आणि त्या दिवशीचे हवामान लिहिलेले असते. कापल्यावर वड्या चार ते सहा आठवडे फळीवर वाळतात. विक्रीला काढण्यापूर्वी आई त्यांतली एक जिभेला लावून पाहते, आठ दिवस स्वतः वापरते, आणि मगच शेवटच्या रकान्यात शेरा लिहिते. परवा मी सहज वही उघडली. ताज्या घाण्यापुढे लिहिले होते : "तेल बदललेले नाही. तरी तोलले."