मांडीवरची थैली

लग्नात मला मिळालेल्या वस्तूंमध्ये सर्वांत जास्त फिरली ती एक थैली. आंदणाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. कुठल्याशा कापड दुकानाची, पिवळट जाड कापडाची. दुकानाचं नाव धुऊन धुऊन गेलेलं, बंद दोनदा शिवलेले. आईनं तिच्यात शिदोरी बांधून दिली आणि रिकामी थैली परत घ्यायला ती तयार होईना. "रिकामी थैली वापस करत नसतेत वो बाई," एवढंच म्हणाली. तेव्हापासून आमच्या गाडीवर पुढं नवरा, मागं मी आणि मधे थैली अशी बैठक ठरून गेली.

माझं माहेर साकोलीकडचं, सासर तुमसरकडचं आणि भाड्याच्या दोन खोल्या भंडाऱ्यात. म्हणजे आमचं सगळं जग सात तालुक्यांत मावतं. पूर्वी ते मोठं होतं. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मी पाळण्यात होते. नागझिरा तिकडे गेला, नवेगावबांध तिकडे गेला आणि त्यांच्यासोबत सरकारनं माझी मावशीही गोंदियाला देऊन टाकली. मावशीला हे अजून पटलेलं नाही. ती "आपल्या भंडारा जिल्ह्यात" असंच बोलते आणि तिच्याकडे जाताना आम्हालाही आपण जिल्ह्याबाहेर चाललो असं कधी वाटत नाही.

लग्नानंतर मैत्रिणींचे फोटो यायचे: कुणी मनालीला, कुणी गोव्याला. आम्ही मंडईला जात होतो. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी इथं भाजीबाजार डोळ्यांपुढं आणू नये. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. आज या गावची, उद्या पलीकडच्या. दिवसा दंडार, खडीगंमत, फुगे, पाळणा, जिलेबीची दुकानं, संध्याकाळी घराघरांत पंगती, रात्री नाटक. हलका धान कापून झालेला असतो, हातात चार पैसे असतात, लेकी-जावई बोलावलेले असतात. उपवर पोरापोरींच्या आयांचे डोळे त्या दिवशी भारी तेज असतात. आमचंही तसंच जमलं. माझ्या चुलतबहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या भाटव्यांनी, एका मंडईत याला नाटकाच्या मांडवाचे बांबू रोवताना पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, "पोरगा कामाचा दिसते." त्यानं आयुष्यात तेवढेच बांबू रोवले असावेत.

तर पहिल्या दिवाळीला माझ्या गावची मंडई. भंडाऱ्याहून निघताना मांडीवर थैली: सासूबाईंनी तुमसरहून पाठवलेले अनरसे, चिवडा, शेवटी कोंबलेली साडी. लाखनी मागं पडली, महामार्ग सोडून आम्ही आत वळलो. दोन्ही बाजूंना बांध्या, मधल्या धुऱ्यांवर तुरीची झाडं, कुठं कापलेल्या धानाच्या कडपा, कुठं रचलेले पुंजणे. ओल्या तणसाचा तो वास शब्दांत धरायचा मी पुष्कळदा प्रयत्न केलाय, सोडून दिलाय. गावाची शिव आली. तिथं एक पळस आहे. तिथवर मी याला "अरे" म्हणते, तिथून पुढं "अहो". आम्ही कधी ठरवलं नाही, पण पळसापाशी गाडीचा वेगही कमी होतो आणि माझा पदरही डोक्याकडे जातो. जाताना त्याच पळसाशी "अहो" उतरतं. एकदा मी विसरून अर्धं गाव "अरे, अरे" करत गेले होते. माहेरच्या मोठ्या मायनं महिनाभर ते पुरवलं.

रात्री नाटक होतं. आमच्या या झाडीपट्टीतल्या बहुतेक नाटक कंपन्या वडशाच्या. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. दहाला घंटा झाली की उजाडेपर्यंत खेळ. गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे लोकांना आनंद झाला, नवल नाही वाटलं. थंडीत रात्ररात्र त्यांचं काम पाहिलेली माणसं होती ती. मी लहानपणापासून बारदान्यावर बसून नाटकं पाहिलीत. पहिल्या अंकात रडायचं, दुसऱ्यात चहा, तिसऱ्यात झोप. जावई म्हणून याला खुर्ची मिळाली होती. दुसऱ्या अंकात तो खुर्ची सोडून खाली माझ्याजवळ येऊन बसला. खलनायकानं नायिकेच्या बापाचं शेत लुबाडलं, बाया हुंदके देऊ लागल्या, ऑर्गन कळवळू लागला आणि माझ्या खांद्यावर एक डोकं अलगद टेकलं. घोरत होतं. समोर हजार-दीड हजार माणसं, त्यांत माझे सगळे चुलते, शाळेतले गुरुजी. मी अवघडून ताठ बसले. मागून मोठ्या मायनं काही न बोलता आपलं घोंगडं काढलं आणि दोघांवर टाकलं. मग स्वतः लुगड्याचा पदर कानांवरून गुंडाळून ती पुन्हा रडायला लागली.

सकाळी परत निघताना थैली आणखी जड. नवे तांदूळ, लाखोळीची डाळ, बरबटीच्या शेंगा आणि वर एक कोहळं. मी म्हटलं, कोहळं भंडाऱ्यातही मिळते. "हे आपल्या वाडीतलं होय," असं बाबा म्हणाले, म्हणजे विषय संपला. धुकं होतं. लाखनीजवळ गतिरोधक याला दिसला नाही. गाडी उडाली, थैलीचा एक बंद तुटला आणि कोहळं उतरून रस्त्यावर धावू लागलं. त्या महामार्गाचा नंबर आता 53 आहे, तरी म्हातारी माणसं त्याला सहा नंबरच म्हणतात आणि तो कोलकात्याकडे जातो हे सर्वांना ठाऊक आहे. आम्ही भंडाऱ्याच्या दिशेनं आणि कोहळं कोलकात्याच्या. हा हेल्मेटसकट त्याच्यामागं पळाला. एका ट्रकवाल्यानं गाडी हळू केली, खिडकीतून हात बाहेर काढून कोहळ्याला वाट दिली आणि मनापासून हसला. कोहळं कडेच्या गवतात सापडलं, थोडं खरचटलेलं. त्याची भाजी आम्ही तीन दिवस खाल्ली.

थैलीचा बंद मी त्याच रात्री शिवला, कारण पुढच्या रविवारी तुमसरला जायचं होतं. अशीच एकदा आईनं पितळी गुंड दिली. भंडारा पितळेचं गाव. नावातलं "भाण" म्हणजे पितळेचं भांडं, असंही सांगतात. अशा गावात साकोलीहून पितळेचं भांडं न्यायचं म्हणजे शहाणपणच. पण आजीची गुंड होती, तेव्हा आली मांडीवर. तिचं तोंड वाऱ्याकडे झालं की ती घुमायची. गाडीनं वेग घेतला की बारीक हूं सुरू, हळू झाली की बंद. यानं दोनदा गाडी थांबवून इंजिन तपासलं. तिसऱ्यांदा मी गुंडीच्या तोंडावर तळवा ठेवला, आवाज थांबला. काढला, सुरू झाला. मग लाखनीपासून भंडाऱ्यापर्यंत मी ती वाजवत आले.

थैली लागत नाही असं एकच ठिकाण होतं: वैनगंगेचा पूल. संध्याकाळी काम सुटलं की आम्ही कारध्याकडे जातो. पलीकडच्या काठावर गाडी लावायची, भुईमुगाच्या शेंगांची एक पुडी घ्यायची आणि पाण्याकडे पाहत बसायचं. बाबा सांगतात, पूर्वी उन्हाळ्यात इथं वाळूच वाळू असायची, डांगरवाड्या असायच्या. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 ला झाली. धरण खाली पवनी तालुक्यात, पण पाणी मागं सरत सरत भंडाऱ्याला येऊन टेकलं आहे. नदी आता तलावासारखी पसरलेली, स्वस्थ. दिसायला सुंदर दिसते. तिच्याखाली किती गावांचे पार, देवळं, आंब्याची झाडं गेली हे माहीत असलेल्या माणसाजवळ बसून मात्र तिला सुंदर म्हणवत नाही. आमच्या घरमालकीणबाई ऑगस्ट 2020 च्या पुराची ओल अजून भिंतीवर दाखवतात. पुलावर फिरायला त्या जात नाहीत.

मग पौषातल्या एका रविवारी यानं जाहीर केलं, "आज कोणाकडेच नाही जायचं. थैली घरी." विदर्भाच्या अष्टविनायकांतले दोन गणपती आमच्या जिल्ह्यात. मेंढ्याचा भृशुंड तर गावातच, त्याला येता-जाता नमस्कार होतो. पवनीचा सर्वतोभद्र राहिला होता. निघालो. याची पाठ आणि मी, मधे काहीच नाही. पहिले काही किलोमीटर हात कुठं ठेवावेत हेच कळेना; मांडी हलकी हलकी लागत होती. पवनीत दर्शन घेतलं, जगन्नाथ टेकडीवर गेलो. 1969-70 च्या उत्खननात इथं दोन हजार वर्षांहून जुना स्तूप सापडला. आज वर बोरीबाभळी, खाली विटा, आणि एक शेळी आमच्याकडे टक लावून पाहत उभी. वैजेश्वराच्या घाटावर पायऱ्यांवर बसलो. बोलायला खूप आहे असं घरी वाटत होतं. इथं दोघंही गप्प. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आईसाठी काही घ्यायचं का?" मी म्हटलं, "थैली नाही."

अड्याळच्या अलीकडे बोडीच्या काठावर एक ढीवर बाई उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. टोपल्यातून वाफ निघत होती. तिनं मापानं दोन किलो मोजले आणि आमच्या हातांकडे पाहिलं. "कायच्यात देऊ?" मी ओढणी काढून तिच्यापुढं धरली. तिनं ओतले, ऊब कापडातून मांडीवर आली, पाणी झिरपत सलवारीला लागलं. अंधार पडेपर्यंत हा एका हातानं गाडी चालवत मागं हात करायचा, मी सोललेला शिंगाडा त्या हातावर ठेवायची. माझी नखं काळी झाली.

घरी आलो. दाराआडच्या खिळ्यावर थैली होती. उरलेले शिंगाडे तिच्यात ओतले, ओढणी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी त्यातले अर्धे तुमसरला गेले.