वर्तणूक : चांगली

घोटीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना कागद टिकवणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. जूनअखेरीस इगतपुरीच्या डोंगरांवरून आभाळ खाली उतरते आणि मग दोन-अडीच महिने भिंती, अंथरुणे, वह्या सारेच ओलसर असते. भाताच्या गिरण्यांच्या या गावात माझे बालपण गेले. अण्णा जवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. शाळेचे कौलारू छप्पर गळत असे. त्यामुळे नियमात बसो वा न बसो, ऐन पावसाळ्यात शाळेचे जनरल रजिस्टर आमच्या घरी मुक्कामाला येई. खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, डांबरगोळ्यांच्या वासाचे ते जाडजूड पुस्तक माझ्या आईच्या लग्नातल्या ट्रंकेत, तिच्या शालूच्या शेजारी ठेवले जाई. “शाळा पुन्हा बांधता येते, रजिस्टर पुन्हा लिहिता येत नाही,” असे अण्णा म्हणत.

या पुस्तकाची रचना वाचकांपैकी अनेकांना आपापल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून ठाऊक असेल. अनुक्रमांक, नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण आणि शेरा. एका ओळीत एक मूल. साहित्याची विद्यार्थिनी झाल्यावर मला वाटू लागले की, आपल्या भाषेतला हा सर्वांत लहान चरित्रप्रकार असावा. फरक इतकाच की, त्याच्या नायकाला तो वाचता येण्याआधीच लिहून पूर्ण झालेला असतो.

अण्णांना या ओळीचे वजन ठाऊक होते. वर्तणुकीच्या रकान्यात ते सरसकट ‘चांगली’ असे लिहीत. कातकरी-ठाकरांची मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर निघून जात, तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ न लिहिता ते ‘पालकांचे स्थलांतर’ असे लिहीत. एकदा मी विचारले, तेव्हा म्हणाले, “गैरहजर लिहिलं तर दोष पोराचा होतो. हा कागद त्याच्याबरोबर जन्मभर फिरणार आहे.” अर्थात त्यांच्या लेखणीतूनही चुका झाल्या. जन्माची नोंद नसलेल्या कितीतरी मुलांना त्यांनी १ जून हा वाढदिवस बहाल केला. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे इतकी का, याचे उत्तर प्रसूतिगृहात नव्हे, शाळेच्या दप्तरात आहे. अशी तारीख पुढे नोकरी ठरवते, निवृत्ती ठरवते. शाळा सोडल्यानंतर ती बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात उभे राहावे लागते.

मला आठवतो तो आमचा ओटा. तीस-तीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेली माणसे एस.टी.तून उतरून, भिजत, दाखल्याची दुय्यम प्रत मागायला तिथे येत. अण्णा आधी माणूस ओळखीत, मग रजिस्टर उघडीत. आणि उघडतानाही वरच्या-खालच्या ओळींवर दोन फूटपट्ट्या ठेवीत, म्हणजे समोरच्याला फक्त त्याची स्वतःची ओळ दिसे. एकदा एक प्रतिष्ठित गृहस्थ आले. एका मुलीचे स्थळ त्यांच्याकडे आले होते आणि तिचे खरे वय व ‘बाकीचे’ त्यांना खात्रीने हवे होते. अण्णांनी चहा दिला, पावसाची चौकशी केली आणि शेवटी सांगितले, “मुलीच्या वडिलांना घेऊन या, त्यांच्यासमोर दाखवतो.” गृहस्थ पुन्हा आले नाहीत. ‘खासगीपणा’ हा शब्द अण्णांनी उभ्या आयुष्यात कधी वापरला नसेल. त्यांचा शब्द होता ‘ठेव’.

हे चित्र रंगवताना स्मरणरंजनाचा मोह होतो, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढे मी ज्या माध्यमिक शाळेत गेले, तिथे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवशी वर्गात जातीनिहाय उभे राहायला सांगत. नावांची यादी प्रवर्गासह फळ्याशेजारी डकवली जाई. माझ्या बाकावरची मैत्रीण त्या दिवसानंतर मधल्या सुट्टीत डबा एकटीने खाऊ लागली. तेव्हा संगणक नव्हता, होती फक्त यादी आणि चार खिळे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेच्या दप्तरात बाप म्हणून कोणाचे नाव लागायचे, हा प्रश्न मुलाच्या साऱ्या अस्तित्वाचा प्रश्न होतो. शाळेचा रकाना कधीच निरागस नव्हता. ठेव सांभाळणाऱ्याच्या स्वभावावर ती विसंबून होती, हीच त्या व्यवस्थेची ताकद आणि हाच तिचा दोष.

२०१५ साली राज्यात ‘सरल’ ही प्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरण्याचे काम शिक्षकांवर आले. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. आसपासच्या पाड्यांवर नेटवर्क मिळत नसल्यामुळे तिथले तरुण शिक्षक संध्याकाळी घोटीला येत आणि सायबर कॅफेत रात्री उशिरापर्यंत सर्व्हर चालू होण्याची वाट पाहत. अशाच एका रात्री झेरॉक्स काढायला गेले असता काउंटरवर मुलांच्या आधार कार्डांच्या प्रतींचा गठ्ठा पडलेला पाहिला. त्यावर चहाचा पेला ठेवलेला होता. मालकाला विचारले तर म्हणाला, “सर उद्या नेतील.” मला त्या शिक्षकाला दोष द्यावासा वाटत नाही. दिवसभर शिकवून, पोषण आहाराचा हिशेब लिहून तो तिथे आला होता. ठेव सांभाळायला जी फुरसत लागते, ती त्याच्याकडून काढून घेण्यात आली होती.

नंतर आकडे वाढत गेले. ‘सरल’चा १९ अंकी विद्यार्थी क्रमांक, मग केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’वर २०२२-२३पासून विद्यार्थीनिहाय माहिती, आणि आता ‘अपार’ हा १२ अंकी ओळख क्रमांक. या आकड्यांचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. वीटभट्टीवर गेलेले मूल दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा शाळेत बसले तर ते तेच मूल आहे, हे अण्णांच्या रजिस्टरला कधीच कळले नसते. पण एक उलटापालट झाली. पूर्वी रजिस्टर हा पुरावा होता. आता आधारशी जुळत नाही म्हणून रजिस्टरच संशयित ठरते आणि नावातल्या एका वेलांटीसाठी आई एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाते.

मध्यंतरी भाच्याच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक तक्ता आला. वर्गातल्या सगळ्या मुलांची नावे, जात, आधार क्रमांक, बँक खाते आणि पालकांचे मोबाइल. ‘आपली माहिती तपासून घ्यावी’ अशी सूचना वर होती. मी वर्गशिक्षिकेला फोन केला. त्या घाबरल्या, तक्ता काढून टाकला आणि म्हणाल्या, “मॅडम, वरून आजच्या आज मागितलं होतं.” दोन फूटपट्ट्या ठेवायला त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. आणि हे ‘वर’ म्हणजे तरी काय अभेद्य किल्ला आहे? केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक ॲपवरील १० लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी पडली होती, हे जानेवारी २०२३मध्ये जगापुढे आले.

कायदा झोपलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि सप्टेंबर २०१८मध्ये शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, असे सांगितले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. मात्र सरकारी लाभांसाठी माहिती वापरण्याची मोकळीक सरकारकडे आहेच. अमेरिकेत पालकांना मुलाची शालेय नोंद पाहण्याचा आणि चूक असल्यास दुरुस्ती मागण्याचा हक्क १९७४च्या कायद्याने मिळाला. आपल्याकडे संमती कागदावर आली आहे, पण ती समजावून सांगायला ओट्यावर कोणी बसलेले नाही.

म्हणजे, मी बसले होते. गेल्या आवणीच्या दिवसांत आमच्या शेतावर कामाला येणारी बाई ‘अपार’चे संमतिपत्र घेऊन आली. हात चिखलाने भरलेले. “ताई, तुम्ही शिकलेल्या. यानं काय होईल माझ्या पोराचं?” ही नोंदणी ऐच्छिक आहे हे मला माहीत होते. पण ‘ऐच्छिक’ हा शब्द तिला सांगितला आणि तिने नाही म्हटले, तर शाळेत तिच्या मुलाकडे कोणत्या नजरेने पाहतील, तेही मला दिसत होते. मी म्हटले, “काही होत नाही, दे अंगठा.” तिने पदराला हात पुसून अंगठा दिला. मराठी साहित्यात शोषितांचा आवाज या विषयावर मी दरवर्षी सहा तासिका घेते.

ही माहिती दडवून ठेवावी, असे माझे म्हणणे नाही. २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा १९६७पूर्वीची शालेय रजिस्टरे राज्यभर पेट्यांतून बाहेर निघाली. कुणा अनाम गुरुजींनी टाकाने लिहिलेली एक ओळ पणतवंडांच्या हक्काचा आधार ठरली. नोंद टिकली म्हणून हे झाले. पण अशी पाने जेव्हा छायाप्रतींच्या रूपात संकेतस्थळांवर चढली, तेव्हा एका ओळीबरोबर वरच्या-खालच्या ओळीही गेल्या. त्या मुलांना विचारायला आता कोणीही उरलेले नाही. नोंद जपणे आणि नोंद झाकणे ही दोन कामे नव्हेत, ते एकच काम आहे. ज्याची ओळ आहे त्याला ती हवी तेव्हा मिळावी, चुकली तर दुरुस्त व्हावी आणि इतरांना दिसू नये, एवढेच ते काम.

असो. अण्णांना आता नीट दिसत नाही. अंगठ्याची हकिकत मी त्यांना सांगितली. बराच वेळ ते गप्प होते. मग त्यांनी विचारले, “पोरगा मोठा झाला आणि त्याला त्यातलं काही बदलून घ्यावंसं वाटलं, तर तो कोणाकडे जाईल?”

मी कायद्यातले कलम सांगू लागले. त्यांनी हाताने थांबवले. “तसं नाही. कोणाकडे? त्याचं नाव काय?”