हातभर उजेड

डोव्हरजवळचा समुद्र दुधाळ असतो. किनाऱ्यावरचे खडूचे कडे युगानुयुगं पाण्यात झिजत आलेत. शिवाय इंग्लिश खाडी सगळ्यात चिंचोळी होते ती इथेच, त्यामुळे भरती-ओहोटीचं पाणी रेटारेटी करत जातं आणि तळाच्या गाळाला बसायला सवड देत नाही. वसंतात सूक्ष्म वनस्पतींचं पेव फुटलं की सगळ्याची मिळून पातळ, हिरवट कढी होते. बुडी मारायची तर भांगाचे दिवस पाहून, आणि तेव्हाही भरती संपून ओहोटी लागायच्या आत पाणी जे घटकाभर थबकतं तेवढ्यातच. बोयाला बांधलेला दोर धरून एकेक हात खाली उतरायचं. पाच-सहा मीटरवर लाल रंग मरतो. त्यानंतर उरतं ते हिरवं, मग करडं, मग नुसता काळोख. बॅटरीचा झोत टाकावा तर तो कणाकणांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर परत येतो. दिसतं ते हातभर.

जहाज दिसत नाही. आधी ते हाताला लागतं. जाड हातमोज्यातून बोटांना एक धार जाणवते, धारेमागे पत्रा, पत्र्यावर एका ओळीत रिव्हेट. त्यांच्यावर शेवाळ आणि शंखशिंपल्यांचा खरखरीत थर चढलाय, पण दोन रिव्हेटांमधलं अंतर मात्र अजून सारखं. बोट त्या ओळीवरून सरकत जातं आणि एका जागी ओळ संपते. पत्रा तिथे सरळ कापलेला नाही. फाटून बाहेर वळलाय.

लोक विचारतात, मालवणला, तारकर्लीला डुबक्या मारायच्या सोडून हे काय? प्रश्न रास्त आहे. तिथे ऊन पाण्यात उतरतं, मासे दिसतात, फोटो निघतात. इथे ड्रायसूटच्या आतून दोन-दोन गरम कपडे चढवूनही ओठ बधिर होतात, आणि वर आल्यावर दाखवायला काही नसतं. धाडस म्हणावं तर ते इतरत्रही करता येतं. खजिना तर नाहीच. मला वाटतं, स्वच्छ पाण्यात बुडालेलं जहाज म्हणजे एक देखावा होतो. चहूबाजूंनी फिरा, मनात भरा, निघा. गढूळ पाणी तो देखावा होऊ देत नाही. ते जहाज तुम्हाला कधीच पुरतं देत नाही, आणि ज्या जहाजावर मी पुनःपुन्हा उतरतो त्याच्याबाबत तर पुरतं मिळाल्याचा आव आणणंच खोटं ठरेल.

ते जहाज म्हणजे ‘मालोजा’. पी अँड ओ कंपनीचं, १२,४३१ टनांचं. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीतून डिसेंबर १९१०मध्ये पाण्यात उतरलं. त्या वेळी त्याच गोदीत ‘टायटॅनिक’ आकार घेत होतं. त्या शेजाऱ्यावर किती शाई सांडली! मालोजाचं नाव डोव्हरबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. फेब्रुवारी १९१६मध्ये ती लंडनजवळच्या टिलबरीहून मुंबईला निघाली. २७ तारखेला, रविवारी सकाळी, डोव्हरपासून दोनेक मैलांवर जर्मन पाणबुडीने पेरलेला सुरुंग तिच्या मागच्या अंगाला फुटला. कप्तानाने वेग मोडण्यासाठी इंजिनं उलटी चालवायला सांगितली. होड्या सोडायच्या तर जहाज थांबायला हवं. इंजिनं उलटी फिरू लागली आणि तोवर इंजिनखान्यात पाणी भरलं. आता ती थांबवायला तिथे जाणार कोण? मुंबईकडे तोंड केलेलं जहाज आठ-नऊ नॉट वेगाने मागे मागे धावत राहिलं, एका कुशीवर कलंडत. कललेल्या अंगावरून होड्या धड सोडता येईनात. मदतीला धावलेलं ‘एम्प्रेस ऑफ फोर्ट विल्यम’ हे कोळशाचं जहाजही सुरुंगावर आदळून बुडालं. त्याची माणसं वाचली. मालोजा चोवीस मिनिटांत गेली. दीडशेहून अधिक जीव गेले. किनारा डोळ्यांसमोर होता. पण फेब्रुवारीतलं ते पाणी जेमतेम सहा-सात अंशांचं. पोहता येणारा माणूसही त्यात फार वेळ हातपाय हलवू शकत नाही.

मृतांत खलाशी बरेच होते. लॅस्कर, म्हणजे हिंदुस्थानी नावाडी. पी अँड ओच्या जहाजांवर डेकवरचे पुष्कळसे कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरचे असत, इंजिनखान्यातले पंजाबकडचे, जेवणघरातले गोव्याचे. वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, चूल सांभाळायला भंडारी. खाली भट्टीपुढे आगवाला आणि त्याला कोळसा ओढून देणारा कोयलावाला. अर्धा कोकण या जहाजांवर पोसला गेला. रत्नागिरीकडच्या कित्येक घरांतून मुलगा मुंबईला जाई आणि मुंबईहून दर्यावर, आणि घरी येत त्या मनिऑर्डरी. ही सफर तर घरच्या दिशेची होती. प्रवासी हिंदुस्थानात नोकरीला निघाले होते, खलाशी माघारी.

भाऊ, तू कोण होतास? सारंगाने तुला कुठल्या गावातून उचललं? पगारातून त्याने किती कापले? ती इंजिनं उलटी गरगरत असताना तू वर होतास की खाली? वर असशील तर निदान आभाळ पाहिलं असशील. खाली असशील, तर शेवटी तुलाही हातभरच दिसलं असणार. तुझ्या बायकोला कुणी सांगितलं, आणि किती महिन्यांनी? घरी कुणी वाचून दाखवेपर्यंत कागद ट्रंकेत तसाच राहिला का? जहाजाचं आकारमान मला टनात ठाऊक आहे, गोदीचं नाव ठाऊक आहे, पाण्यात उतरल्याचा महिना ठाऊक आहे. तुझं वय ठाऊक नाही.

डोव्हरच्या सेंट मेरीज दफनभूमीत मालोजावरच्या खलाशांची एकत्र कबर आहे. आणि मुंबईत मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये, पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक आहे. ज्यांना समुद्राशिवाय कबर मिळाली नाही त्यांचं. आजूबाजूला हातगाड्या, गोण्या, मसाल्याचा वास. मशीद बंदरला रोज लाखभर माणसं लोकलमधून उतरत असतील, त्यातली किती तिकडे वळतात? मी तक्रार करत नाही. मीही मुंबईत होतो तोवर वळलो नव्हतो.

खाली उतरणाऱ्यांतही तऱ्हा असतात. काहींना पितळेच्या गोल खिडक्या हव्या असतात, दिवाणखान्यात लावायला. ब्रिटनमध्ये कायदा आहे: बुडालेल्या जहाजावरून काही उचललं तर अठ्ठावीस दिवसांत सरकारच्या ‘रिसीव्हर ऑफ रेक’कडे कळवायचं. कायद्याने माणसं सुधारतात असं नाही. तिकडे ऑर्कनी बेटांत स्कापा फ्लोला ‘रॉयल ओक’ आहे, १९३९मध्ये ८३५ जणांना घेऊन गेलेली. ती युद्धकबर, तिला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. हे योग्यच. आणि त्याच उपसागरात १९१९मध्ये जर्मनांनी स्वतःच बुडवलेल्या युद्धनौकांवर जगभरातून माणसं हौसेने उतरतात. तिथली अवाढव्य जहाजं बघून मीही हरखलो. पण त्या भेटीत मला कुणाची आठवण आली नाही.

मालोजाचं मात्र अवाढव्य असं काही उरलेलं नाही. जहाजांच्या वाटेत नको म्हणून पुढे सुरुंग लावून ती पाडली. आता पत्र्यांचा ढीग, त्यातून उभे राहिलेले लोखंडाचे तुकडे, आणि त्यांच्या सावलीत दाटीने लटकलेले पाउट नावाचे तांबूस मासे. ते पळत नाहीत. बॅटरी रोखली की सगळे एकदम वळतात आणि पाहत राहतात. पाइपात काँगर नावाची जाडजूड वाम राहते. तिचं फक्त तोंड दिसतं.

वरून कॅलेच्या फेरीबोटी जातात. पंख्याची घरघर पाण्यात सगळीकडून एकदम येते. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने पळतो, म्हणून कानांना दिशाच लागत नाही. बोट येतेय की जातेय, कळत नाही. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी पत्रा घट्ट धरला. जहाज चालू आहे असंच वाटलं होतं. भीती अर्थात मूर्खपणाची. पण तेवढ्या वेळात चोवीस मिनिटं किती लांब असतात याचा अंदाज आला, आणि तो कुठल्या पुस्तकातून आला नसता.

ऑगस्टात पुढचा चांगला भांग आहे. नेहमीच्या बोटवाल्याने निरोप ठेवलाय: परवाच्या वादळाने तळ ढवळलाय, एक मीटरही दिसेल की नाही शंका, दोघांनी नावं काढून घेतली. तुमचं ठेवू ना?