दाताच्या आधी गाल

छत्तीसगडमध्ये सकाळी दातांना जे लावलं जातं त्यात टूथपेस्टच्या जोडीला अजून एक पदार्थ असतो: गुडाखू. तंबाखूची पूड, गूळ किंवा मळी आणि चुना एकत्र कालवून केलेला हा काळपट, ओलसर लेप छोट्या डबीत मिळतो. बोटाच्या टोकावर घ्यायचा, दातांवर आणि हिरड्यांवर घासायचा, लाळ थुंकत निवांत बसायचं आणि मग चूळ भरायची. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या वाचकांना ही रीत ओळखीची वाटेल, कारण तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली मशेरी अशीच लावली जाते. माझी साताऱ्याकडची आजी मशेरीवाली होती. लग्नानंतर मी इकडे आले, भिलाईला लागून असलेल्या जामुलमध्ये दवाखाना थाटला, तेव्हा गुडाखूची डबी पाहून मला नवल वाटलं नाही. फक्त नाव नवं होतं.

जामुल म्हणजे सिमेंटचं गाव. 1965 पासून इथे एसीसीचा कारखाना आहे, शेजारी भिलाईची औद्योगिक वसाहत, आणि तिथल्या ठेकेदारांकडे रोजंदारीवर जाणारी माणसं हीच माझी बहुतेक रुग्णमंडळी. दिवाळी अंकासाठी दंतवैद्यकातल्या नव्या संशोधनावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी काय लिहावं, याची त्यांना कल्पना असणारच. जपानमधली बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेली आहे. क्योटोमध्ये कात्सु ताकाहाशी आणि त्यांचे सहकारी नवा दात उगवण्याच्या औषधावर काम करत आहेत. यूएसएजी-1 नावाचं एक प्रथिन शरीरात दाताची वाढ रोखून धरतं, त्या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड दिलं तर थांबलेला अंकुर पुन्हा वाढू शकतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत 2021 मध्ये दिसलं. 2024 च्या शरद ऋतूत क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. ती सुरक्षिततेची चाचणी आहे, आणि ज्यांना जन्मतःच दात कमी असतात अशांसाठी हे औषध आधी यावं, असा त्या मंडळींचा विचार आहे. काम अस्सल आहे, मी ते आवडीने वाचते. पण जामुलच्या माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईला नव्या दातापेक्षा आहे तो गाल वाचवणारं शास्त्र जास्त हवं आहे. आणि ते शास्त्रही गेल्या काही वर्षांत पुष्कळ पुढे गेलेलं आहे, त्याची बातमी मात्र होत नाही.

तोंडाचा कर्करोग हा आपल्या भागाचा रोग आहे. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार ओठ आणि तोंडाच्या पोकळीच्या कर्करोगाचे जगभरात पावणेचार लाखांहून अधिक नवे रुग्ण निघाले, त्यांतले 1 लाख 40 हजारांहून अधिक एकट्या भारतातले. युरोप-अमेरिकेत हा रोग बहुतेक करून जिभेवर किंवा जिभेखाली दिसतो. आपल्याकडे तो गालाच्या आतल्या बाजूला आणि खालच्या हिरडीच्या खोबणीत उगवतो, म्हणजे नेमका जिथे तंबाखूचा बार ठेवतात किंवा गुडाखू घासतात तिथे. चुन्यामुळे तोंडात अल्कता वाढते, निकोटिन मोकळं होऊन नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. म्हणून तलफ लगेच भागते आणि लगेच परत येते. तंबाखू वाळवताना, मुरवताना, साठवताना जी नायट्रोसमाइन्स तयार होतात ती त्याच त्वचेला वर्षानुवर्षं चिकटून राहतात.

हे आपल्याला कळलं ते पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतून, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. तिथले डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आणि कोपनहेगनचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या चमूने महाराष्ट्रातल्या 1,01,761 खेडूतांची तोंडं घरोघर जाऊन तपासली. 1972 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणाच्या तोंडात पांढरा चट्टा आहे, कोण काय खातं, काय ओढतं, काय लावतं, याची इतकी मोठी नोंद तोवर कुठे झाली नव्हती. मशेरी लावणाऱ्या बायका त्या नोंदीत आहेत. पुढे याच मंडळींनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत तंबाखूच्या 36 हजार व्यसनींना सवय सोडवण्यासाठी समजावलं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 1986 मध्ये लान्सेटमध्ये आलेला त्याचा निष्कर्ष आम्हा दंतवैद्यांनी पाठ करून ठेवावा असा आहे: समजावलं तर लोक सवय सोडतात, आणि सोडली की नवे पांढरे चट्टे कमी होतात. त्याआधी 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी सुपारीमुळे तोंड आखडत जाण्याच्या रोगाचं वर्णन करून ठेवलं होतं. आज जामुलच्या विशीतल्या पोरांच्या तोंडात तो रोज दिसतो. पानमसाला खाऊन गालाच्या आत दोरखंडासारखे पट्टे येतात, तिखट सोसत नाही, आणि तीन बोटं उभी आत जायला हवीत तिथे दीड जातं.

मी दात तपासायच्या आधी गाल तपासते. दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं. आधी दोन्ही गाल बाहेर ओढून आतला भाग, मग ओठ उलटवून हिरडीची खोबण, जीभ गॉझमध्ये धरून दोन्ही कडा, जिभेखालचा तळ, टाळू, आणि शेवटी गळ्यावरच्या गाठी. तीन-चार मिनिटांचं काम आहे. घासला तरी न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल डाग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कारणाशिवाय हलू लागलेला दात, हे दिसलं की दाढ बाजूला ठेवायची आणि बायोप्सीचं बोलायचं. लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं.

अडचण एवढीच की सुरुवातीला हे काहीही दुखत नाही. आमच्याकडे माणूस येतो तो दुखण्यामुळे. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी रोजी बुडवून कोण येणार? त्यातून गुडाखूने हिरडी बधिर होते, दुखऱ्या दातावर तोच चोळायचा हा घरगुती उपाय आहे, म्हणजे जी वस्तू रोग देते तीच त्याची हाकही दाबून टाकते. "गुड़ाखू बिना पेट साफ नइ होवय, मैडम," हे मी ऐकते तेव्हा आजी आठवते. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं तीही म्हणायची. निकोटिनने आतडं हलतं हे खरंच आहे. आणि अजून एक खरं आहे, ते बायका फार उशिरा सांगतात: गुडाखूने भूक मरते. सकाळी घरातल्या सगळ्यांचं करून रिकाम्या पोटी विटा उचलायला निघालेल्या बाईला हा आधार वाटतो. तिला नुसतं 'सोडा' म्हणणं मला पटत नाही. आधी पोटाला सकाळचा भाकरतुकडा, भरपूर पाणी, मग दिवसातली एक एक खेप कमी करायची, मग निकोटिनचा पॅच. दात हलत असतील तर निकोटिन च्युइंगम चावता येत नाही, हे सल्ला देणाऱ्या पत्रकांत कोणी लिहीत नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू सोडवणारी व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. टोल फ्री 1800-112-356 या राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळतं, तो क्रमांक मी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून देते.

त्याच 2021 च्या यादीत दातांसाठीही मोलाची भर पडली: फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. शेवटच्या द्रावणाबद्दल थोडं सांगते, कारण गुडाखूने हिरड्या खाली उतरलेल्या माझ्या म्हाताऱ्या रुग्णांना त्याचा फार उपयोग होतो. हिरडी उतरली की दाताचं मूळ उघडं पडतं, तिथे कीड लवकर लागते, आणि तिथे ड्रिल लावणं जिकिरीचं असतं. हे द्रावण किडलेल्या जागेवर नुसतं बोळ्याने लावायचं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड मऊ पडलेला भाग घट्ट करतं, कीड थांबते. सुई नाही, ड्रिल नाही, वीज नाही. जपानमध्ये हे 1970 पासून वापरात आहे. बाकी जगाला त्याची आठवण फार उशिरा झाली, अमेरिकेत 2014 मध्ये परवानगी मिळाली. किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, म्हणून लहान मुलांच्या पुढच्या दातांना लावायच्या आधी आईला डाग कसा दिसेल ते फोटो दाखवून विचारावं लागतं. ज्या दाढा खोल किडल्यात त्यांच्यावर हातानेच कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरायचं. 1972 मध्ये लंडनच्या विल्सन आणि केंट यांनी जाहीर केलेलं हे सिमेंट, आणि टांझानियात हातानेच दात भरण्याची पद्धत बसवणारे डच दंतवैद्य यो फ्रेंकेन, या दोन्हींच्या जोरावर वीज नसलेल्या शाळेतही दात वाचतात. जामुलसारख्या गावात मला याहून मोठी प्रगती दिसत नाही.

पुन्हा गालाकडे येते. तपासून काय फरक पडतो, याचा पुरावा केरळचा आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या गावांत डॉ. शंकरनारायणन यांनी 1996 पासून चाचणी घेतली. तपासणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले पदवीधर होते, हातात टॉर्च घेऊन घरोघर जाणारे. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये या नुसत्या नजरेच्या तपासणीने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले, असं 2005 मध्ये लान्सेटने छापलं. हे आठवलं की मी आज अस्वस्थ होते. कारण 2016 मध्ये केंद्र सरकारने तिशीपुढच्या सगळ्यांची तोंडं तपासायची असं ठरवलं, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी जेमतेम 0.9 टक्के आणि पुरुषांपैकी 1.2 टक्के लोकांनी अशी तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं.

सापडल्यावर पुढे काय, याची उत्तरंही आपल्याच मातीत शोधली गेली. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांनी एक साधा दिसणारा प्रश्न घेतला: तोंडातली गाठ काढताना मानेतल्या ग्रंथी वरून ठीक दिसत असल्या तरी त्याच वेळी काढाव्यात, की त्या वाढल्यावर काढाव्यात? शल्यविशारद यावर अनेक दशकं वाद घालत होते. 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये उत्तर आलं. आधीच काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण जिवंत, वाट पाहिली तर 67.5 टक्के. आता माझा रुग्ण रायपूरच्या मेकाहारा या सरकारी रुग्णालयात, एम्सला किंवा नागपूरला जातो तेव्हा मानेचं ऑपरेशन कशासाठी, हे मी त्याच्या बायकोला आत्मविश्वासाने समजावते. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. राजीव सरीन आणि कल्याणीचे डॉ. पार्थ मजुमदार यांच्या गटाने गाल-हिरडीच्या कर्करोगातले जनुकीय बदल नोंदवले, ते 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. आपला रोग पाश्चात्त्य रोगापेक्षा काही बाबतींत वेगळा आहे, हे त्यातून पुढे आलं. आणि 2022 मध्ये टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी दाखवलं की रोग फार पसरलेल्या रुग्णांना निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, अवघं 20 मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दिलं तरी वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर जातं. गरीब रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून केलेलं इतकं काटेकोर संशोधन मी फार थोडं वाचलं आहे.

तरीही माझी सगळी आशा आधीच्या टप्प्यावर आहे. तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. गुडाखू मात्र तंबाखूचा पदार्थ म्हणून विकला जातो आणि मंजन म्हणून वापरला जातो. 2016-17 च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात छत्तीसगडमधले 39.1 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, महाराष्ट्रात 26.6 टक्के. दल्ली राजहराच्या खाणकामगारांनी दारूविरुद्ध चळवळ उभारली आणि 1983 मध्ये स्वतःच्या बळावर शहीद रुग्णालय बांधलं, तो इतिहास इथून फार दूरचा नाही. गुडाखूविरुद्ध तसं काही उभं राहिलेलं मी अजून पाहिलं नाही. दारू पिणाऱ्या नवऱ्याविरुद्ध बायका एक झाल्या. गुडाखूची डबी बायकांच्याच पदरात आहे.

छत्तीसगडमध्ये 2002 पासून मितानिन, म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेविका आहेत, देशात आशा ताई येण्याच्याही आधीपासून. पाड्यातली बाई तोंड उघडेल तर तिच्यासमोर उघडेल. मी वस्तीतल्या मितानिनींना तोंड तपासायला शिकवते: मोबाइलची बॅटरी, दोन आइस्क्रीमच्या काड्या, आणि नऊ जागा बघायचा क्रम. शंका आली तर फोटो काढून मला पाठवायचा. बंगळुरूच्या दंतवैद्यांनी मोबाइलवरून अशी तपासणी करून दाखवली आहे, आता तिथे संगणकालाही फोटो ओळखायला शिकवलं जात आहे. आमच्याकडे अजून फोटो मीच बघते. काही मितानिन स्वतः गुडाखू घासतात, म्हणून शिकवणीची सुरुवात त्यांच्याच तोंडापासून होते. पहिल्याच बैठकीत एकीच्या गालात पांढरा चट्टा निघाला, आणि ती बायोप्सीला गेली तेव्हा सोबत बाकीच्या सगळ्या गेल्या. चट्टा कर्करोगाचा नव्हता. तिने डबी सोडली आहे. दिवाळीनंतर लगेच पुढची बैठक आहे, आणि या वेळी सासवांना घेऊन यायचं असं त्यांचं त्यांनीच ठरवलं आहे.