दात्याची निवड

सत्पात्रीं दान हा शब्द आपणां सर्वांच्या तोंडीं असतो. घेणारा योग्य असावा, देश व काल योग्य असावा, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु देणारा कसा ओळखावा, त्याच्या हाडांची पारख कशी करावी, याची चर्चा क्वचितच कानांवर येते. देवांनीं दधीचीकडे अस्थि मागितल्या तेव्हां त्यांना निवड करावयाची नव्हती. वज्र घडेल अशा अस्थि त्या एकाच ऋषीच्या देहांत होत्या. आमच्या दादांना मात्र 2014 सालच्या उन्हाळ्यांत दाता शोधावयाचा होता, आणि उमेदवार एकाहून अधिक होते.

दादा म्हणजे माझे वडील बंधु. यंत्रशास्त्राची पदवी घेऊन ते 1982 सालीं इंग्लंडांत गेले आणि मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या कॉव्हेंट्री शहरीं स्थायिक झाले. तेथें त्यांना एक खास इंग्लिश व्यसन जडलें. आपली मोटार आपल्याच हातांनीं जुळवावयाची, हें तें व्यसन. अशा मोटारीला ‘किट कार’ म्हणतात. कॉलिन चॅपमन यांनीं 1957 सालीं ‘लोटस सेव्हन’ ही दोन माणसांपुरती हलकी गाडी बाजारांत आणली. ती सुट्या भागांच्या रूपानें घेतली म्हणजे पूर्ण मोटारीवरचा खरेदी-कर वांचत असे. 1973 सालीं तो कर जाऊन मूल्यवर्धित कर आला. बचत संपली, पण शौक संपला नाहीं. त्याच धर्तीचे सांगाडे आणि पत्रे पुष्कळ लहान कारखाने विकूं लागले. इंजिन, गिअर-बॉक्स, मागचा आंस, सुकाणूची यंत्रणा हीं मात्र एखाद्या जुन्या मोटारींतून काढून घ्यावयाचीं. त्या जुन्या मोटारीला म्हणतात ‘डोनर’, म्हणजे दाता.

दादांनीं 2001 सालीं असा एक सांगाडा सुट्या नळ्यांच्या रूपांत विकत आणला. पुढचा भाग पक्का सांधला, मागच्या भागाला वेल्डिंगचे नुसते टांके मारले, आणि मग मुलांचीं शिक्षणें व नोकरी यांच्या गडबडींत तें काम तेरा वर्षें जागचें हललें नाहीं. मी गेलों तेव्हां तो सांगाडा गॅरेजच्या भिंतीशीं उभा होता आणि त्याच्या एका नळीला वहिनींनीं छत्री अडकविली होती. दरम्यान दादांच्या उजव्या हाताला कंपवातानें गांठलें होतें. “अजून दोन वर्षें हा हात पाना धरील,” ते म्हणाले, “पुढचें डॉक्टर सांगत नाहींत.” निवड लवकर व्हावयास हवी होती, आणि ती चुकून चालणार नव्हतें.

नकाशाप्रमाणें दाता ठरलेलाच होता : 1975 ते 1980 या काळांतली, दुसऱ्या आवृत्तीची फोर्ड एस्कॉर्ट. इंजिन पुढें, गति मागच्या चाकांना, मागचा आंस सरळ आणि दणकट. अडीचशें पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी हें सांगणारें पुस्तक रॉन चॅम्पियन यांनीं 1996 सालीं लिहिलें, तें याच गाडीच्या भरंवशावर. त्या वेळीं ती भंगाराच्या भावानें मिळे. परंतु 1972 पासून 1979 पर्यंत ओळीनें आठ वर्षें ब्रिटनची आरएसी रॅली जिंकणाऱ्या एस्कॉर्टचे भक्त पुढें वाढत गेले. भंगारांत पडणारी गाडी देव्हाऱ्यांत जाऊन बसली. एका एस्कॉर्टला जी किंमत सांगत, तींत दादांची सबंध गाडी सहज उभी राहिली असती. आणि एवढें मोल मोजून ती घेतली तरी शेवटीं तिचा वध करणें आलेंच. दादा एक एस्कॉर्ट पाहून आले आणि खुर्चींत बसत म्हणाले, “ती चालते आहे रे. चालत्या गाडीच्या पोटांत हात घालवत नाहीं.”

आंस एकीचा, इंजिन दुसरीचें, सुकाणू तिसरीचें असें कां करूं नये, असें मीं विचारलें. वाङ्मयाचा प्राध्यापक याहून वेगळें काय विचारणार? आमचीं कित्येक पाठ्यपुस्तकें अशींच तयार होतात. दादांनीं मला चाकाचे बोल्ट समजावून सांगितले. त्या फोर्डच्या चाकाला चार बोल्ट, 108 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. माझदाच्या लहान गाडीलाहि चारच, पण 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर. आठ मिलिमीटरांचें अंतर, पण त्यामुळें पुढचें चाक मागें बसणार नाहीं आणि जादा चाकें दोन प्रकारचीं बाळगावीं लागतील. इंजिनावरचा संगणक आपल्याच सेन्सरांचें ऐकतो. वेगमापक आपल्याच गिअर-बॉक्सची भाषा जाणतो. वीस वर्षें एकत्र नांदलेल्या भागांना एकमेकांच्या खोडी ठाऊक असतात. शिवाय कायदाहि कुलशील विचारीत असे. नवा सांगाडा आणि एकाच जुन्या गाडीचे निदान दोन मुख्य भाग असले तर त्या काळच्या नियमाप्रमाणें नव्या गाडीला जुनीच्या वयाचा नंबर मिळे. पूर्वज सिद्ध करतां आले नाहींत तर पाटीवर ‘क्यू’ हें अक्षर येई. क्यू म्हणजे गोत्र अज्ञात.

आतां तिसरा उमेदवार. वहिनींची स्वतःची 1995 सालची माझदा एमएक्स-5 दारांतच उभी होती. तिनें अठरा वर्षें त्यांना इस्पितळांतल्या रात्रपाळ्यांना नेलें-आणलें होतें. ब्रिटनमध्यें तीन वर्षांपुढील मोटारीची दरवर्षीं परीक्षा होते. हिंवाळ्यांत रस्त्यांवर टाकतात त्या मिठानें तिचे दारांखालचे पोकळ पत्रे खाल्ले होते, आणि त्या वर्षीं ती नापास झाली. इंजिन मात्र निरोगी होतें. त्या जातीचा हा स्वभावच आहे : अंगानें गंजते, काळजानें टिकते. दादांनीं तिचें नांव एकदांहि काढलें नाहीं. ते एस्कॉर्टच्या जाहिराती वाचीत आणि खिडकींतून बाहेर पाहण्याचें टाळीत.

शेवटीं एका रात्रीं जेवतांना वहिनींनींच विषय काढला. “भावजी, यांना सांगा, माझी गाडी पत्र्यानें मेली आहे, आंतून नाहीं. भंगारवाल्याकडे जाण्यापेक्षां ती घरांत राहील. मात्र खोलतांना मी समोर असेन.”

त्या समोर होत्या; एवढेंच नव्हे, तर प्रत्येक तारेला त्यांनीं इस्पितळांतल्या सवयीनें चिठी बांधली. माझदाचीं मागचीं चाकें स्वतंत्रपणें वरखालीं होणारीं असल्यामुळें सांगाड्याचा मागचा भाग नव्यानें आंखावा लागला. तेथें नुसते टांकेच असल्यामुळें ते कापतां आले. अपुरें राहण्याचा हा एक लाभ : त्याला अजून मत बदलतां येतें. स्प्रिंगा मात्र नाकाराव्या लागल्या. सुमारें साडेनऊशें किलोंच्या गाडीसाठीं केलेल्या स्प्रिंगा सहाशें किलोंच्या गाडीला ताठ पडतात. दाता कितीहि उदार असला तरी त्याचें सगळेंच आपल्याला पेलत नाहीं.

आंस, बोल्ट, वजन यांचीं मापें घेतां येतात, आणि तेथपर्यंत दात्याची निवड यंत्रशास्त्राच्या हातीं असते. पण आपलें अपुरें स्वप्न पुरें करण्यासाठीं चालती वस्तु मोडावी, कीं जिचा काळ भरला आहे तिचें उरलेलें आयुष्य मागून घ्यावें, हा प्रश्न पान्यानें सुटत नाहीं. आणि ज्याच्याकडे मागण्याचा धीर होत नाहीं असा दाता बहुधा घरांतच असतो.

2016 सालीं ती गाडी सरकारी परीक्षेंत उत्तीर्ण झाली. माझदाचा जुना नंबर तिला मिळाला नाहीं. नियमांत तें बसत नव्हतें. पण नव्या पाटीचें पहिलें अक्षर तेंच आलें, ‘एम’. नांव गेलें, वय राहिलें. दादांच्या हाताला आतां सुकाणू झेपत नाहीं. वहिनी चालवितात, आणि दादा शेजारीं बसून इंजिन ऐकतात.