साखळीपुलावरची सहा मिनिटे

बुडा, ओबुडा आणि पेस्ट या तीन गावांची मोट बांधून १८७३ साली बुडापेस्ट झाले, असे आमच्या सौभाग्यवतींनी मला विमानातच वाचून दाखवले. त्यात बिचाऱ्या ओबुडाला नावात जागाच मिळाली नाही. "एकत्र कुटुंबात असंच व्हायचं," ही म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

पेस्ट सपाट, बुडा डोंगराळ आणि मधून डॅन्यूब. तेव्हा शहर पाहायचे ते बुडाच्या टेकडीवरून. पुलाच्या तोंडापासून वर राजवाड्याकडे दोरावर ओढली जाणारी एक छोटी गाडी आहे. पण तिची रांग पाहून आम्ही पायीच चढलो. वर 'कोळ्यांचा बुरूज' म्हणून ठिकाण आहे. नाव ऐकून मी जंजिऱ्यासारखे काहीतरी डोळ्यांपुढे आणले होते. प्रत्यक्षात हा बुरूज लढाईसाठी बांधलेलाच नाही. १८९५ ते १९०२ या काळात शोभेसाठी उभारलेले ते पांढरेशुभ्र सज्जे! मग्यारांच्या सात टोळीनायकांची आठवण म्हणून सात मनोरे. मात्र तेथून समोर पार्लमेंटची जी इमारत दिसते, तिच्यापुढे बोलणे खुंटते. घुमट ९६ मीटर उंच. का, तर मग्यार या भूमीत आले ते साल ८९६ मानतात.

संध्याकाळी गेलेर्ट टेकडीवर गेलो. खाली नदीचे वळण, मार्गारेट बेटाची झाडी आणि एकेक करून उजळणारे पूल. ही ते मोजू लागली. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धात, यांतला एकही पूल धड उरला नव्हता, हे खरे वाटेना.

या पुलांमधला सर्वांत जुना तो साखळीपूल. त्याची हकीकत मात्र मला थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. १८२० च्या डिसेंबरात इश्तवान सेचेनी या तरुण सरदाराचे वडील व्हिएन्नात वारले. तो निघाला आणि पेस्टच्या काठावर अडकला. त्या काळी येथे होड्यांवर तरंगणारा पूल असे, आणि तो हिवाळ्यात काढून ठेवत. नदीत बर्फ वाहत होता. आठवडाभर त्याला पलीकडे जाता आले नाही. कायमचा पूल होणार असेल तर वर्षाचे उत्पन्न देईन, असे तो बोलून गेला.

मी कॉलेजात असताना वडिलांच्या आजारपणाची तार आली. श्रावणातला पाऊस, खाडीला उधाण. होडीवाला म्हणाला, "आज नाही, दादा." दुसऱ्या दिवशीही नाहीच म्हणाला. पलीकडे आमच्या वाडीतले माड दिसत होते. तिसऱ्या दिवशी पोहोचलो तो अस्थी गोळा करायला.

पूल पुरा झाला तो १८४९ साली. आराखडा विल्यम टिअर्नी क्लार्कचा, बांधणी अ‍ॅडम क्लार्कची. आडनाव एक, नाते काही नाही. तोवर उमरावांना पुलाची जकात माफ असे. येथे ती सरदारालाही द्यावी लागली, आणि हा सेचेनीचाच हट्ट होता. पण पूल खुला झाला तेव्हा तो व्हिएन्नाजवळच्या मनोरुग्णालयात होता. १८६० साली तेथेच त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. जर्मन सैन्याने माघार घेताना १८ जानेवारी १९४५ रोजी हा पूल उडवला. तो पुन्हा बांधून २० नोव्हेंबर १९४९ रोजी, पहिल्या उद्घाटनाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, खुला केला.

शेवटच्या दिवशी आम्ही तो पायी ओलांडला. दोन्ही टोकांना दगडी सिंह बसलेले. शिल्पकार त्यांना जिभा द्यायला विसरला असे लोक थट्टेने म्हणतात. जिभा आहेत, खालून दिसत नाहीत इतकेच. मी घड्याळ लावले होते. सहा मिनिटे लागली.

ही काही बोलली नाही. माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "अहो, परत एकदा जाऊ या का पलीकडे?"

आम्ही परत वळलो.